गुडविलच्या आधीचा चहा

कन्सॉलिडेशनचा, म्हणजे मूळ कंपनी आणि उपकंपनी यांचे हिशेब एकत्र करायचा, सम सोडवताना माणूस नेमका कधी उठतो, हे मला पाठ झालंय. सीए फायनलच्या वेळी मी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसायचे. प्रश्न वाचून व्हायचा, कोणत्या कंपनीने कोणाचे किती शेअर्स कधी घेतले याचा तक्ता मांडून व्हायचा. इथवर सगळं सुरळीत. मग उपकंपनीची मालमत्ता खरेदीच्या तारखेच्या वाजवी किमतीला आणून गुडविल (त्या किमतीच्या वर मोजलेले पैसे) काढायची वेळ आली, की हटकून चहाची तल्लफ यायची. एकदा उठायच्या वेळा वहीच्या समासात टिपून ठेवल्या: १०.४०, ११.२५, १२.१०. तिन्ही वेळा पेन त्याच ओळीवर थांबलं होतं. चहा तीन झाले, गुडविल काही निघालं नाही. शेजारच्या टेबलावर एमपीएससी करणारा बीडचा एक मुलगा बसायचा. तो रोज विचारायचा, "ताई, आज तरी टॅली झाला का?"

घरी याला आळस म्हणत. पण आळशी माणूस लोळत पडतो आणि खुशाल असतो. मी त्याच दिवसांत वेळापत्रक चार रंगांत नव्याने आखलं, जुन्या आरटीपी (सरावप्रश्नांच्या पुस्तिका) तारखेप्रमाणे लावल्या, अप्पा बळवंत चौकात जाऊन एकाच विषयाचं तिसरं पुस्तक आणलं. कष्टांत कसूर नव्हती, ते भलतीकडे चालले होते. मानसशास्त्रात चालढकलीची व्याख्या साधारण अशी करतात: लांबवल्याने आपलंच नुकसान होणार हे ठाऊक असताना, करायचं ठरवलेलं काम आपणहून पुढे ढकलणं. नुकसान ठाऊक असतं, यातच सगळी गोम आहे. म्हणून "अगं, परीक्षा तोंडावर आली" असं सांगणाऱ्या आईचा उपयोग होत नाही. ते त्या मुलीला माहीत असतं, त्याच भीतीने तर ती पुस्तक मिटून बसलेली असते.

फुशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हे नेमकं मांडलं. चालढकलीचं मूळ घड्याळात शोधू नका, मनःस्थितीत शोधा, असं त्यांचं म्हणणं. अवघड काम समोर आलं की भीती, कंटाळा, 'हे मला जमायचं नाही' अशी बोच मनात उठते. काम बाजूला सारलं की ती लगेच ओसरते. हा आराम म्हणजे बक्षीसच, आणि ज्या वागण्याला बक्षीस मिळतं ते पुन्हा घडतं. १०.४० ला मला चहा नकोच होता, त्या ओळीपासून सुटका हवी होती.

याची एक गमतीदार परीक्षा डायन टाइस आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या एका प्रयोगात दिसते. गणिताच्या चाचणीआधी लोकांना सरावाला वेळ दिला आणि हाताशी मन रमवायच्या वस्तूही ठेवल्या. ज्यांना आधी मुद्दाम उदास केलं होतं, ते सराव सोडून त्या वस्तूंत जास्त रमले. मात्र काही जणांना सांगितलं, की खोलीतल्या सुगंधी मेणबत्तीमुळे तुमची मनःस्थिती आता काही वेळ आहे तशीच राहील. त्यांची टंगळमंगळ कमी झाली. मन बरं होणारच नसेल तर टाळून मिळवायचं काय!

आता गंमत बघा. सीएचा विद्यार्थी दिवसभर प्रेझेंट व्हॅल्यू काढत असतो. वर्षाला १० टक्के दराने चार महिन्यांनी मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत येते सुमारे ९७ पैसे. म्हणजे चार महिन्यांवरची परीक्षा हिशेबाने जवळपास आजइतकीच मोलाची. मन मात्र हा दर लावत नाही. आज १०० रुपये की उद्या ११०, असं विचारलं तर पुष्कळ जण आजचे १०० उचलतात. तोच प्रश्न '३० दिवसांनी १०० की ३१ दिवसांनी ११०' असा केला, तर हीच मंडळी शहाण्यासारखी एक दिवस थांबायला तयार होतात. अगदी जवळच्या गोष्टीला मन भलताच भाव देतं, आणि थोडं लांब गेलं की सगळं सारखंच दिसायला लागतं. 'उद्यापासून दहा तास' हे वचन म्हणूनच खोटं नसतं. रात्री ते देताना दहा तासही लांब असतात आणि निकालही लांब. सकाळी पुस्तक उघडलं की दहा तास नाकासमोर येतात, निकाल होता तिथेच राहतो.

नव्या अभ्यासक्रमाने या बाबतीत मुलांना जास्तच मोकळं रान दिलंय, असं माझं मत. माझ्या वेळी आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तीन वर्षांची होती. आता ती दोन वर्षांची, आणि ती संपल्यावर फायनलआधी सहा महिने निव्वळ अभ्यासाचे. ना हजेरी, ना क्लायंटचा फोन. शिवाय २०२५ पासून फायनल वर्षातून तीनदा घ्यायला सुरुवात झाली, त्यामुळे 'पुढचा अटेम्प्ट' हाकेच्या अंतरावर. डॅन अरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना तीन मजकूर तपासून चुका शोधायला दिले होते. ज्यांना ठराविक अंतराने तीन मुदती घालून दिल्या, त्यांनी सर्वांत जास्त चुका पकडल्या. ज्यांनी मुदती स्वतः ठरवल्या ते त्यांच्या खालोखाल. सगळं काम शेवटच्या दिवशी द्यायची मुभा होती ते सर्वांत मागे. मॉक टेस्टची फी भरून तारीख बांधून घेणं मला उधळपट्टी वाटायची, आता वाटत नाही.

आणि वेळापत्रक? १९९० च्या दशकात कॅनडात विद्यार्थ्यांना विचारलं, की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल. सरासरी अंदाज आला सुमारे ३४ दिवस. लागले ५५ च्या वर. 'सगळंच बिघडलं तर किती' या प्रश्नाला त्यांनी दिलेला आकडाही, सुमारे ४९, अपुरा ठरला. चार रंगांचं माझं वेळापत्रक याच जातीचं होतं. शिवाय ते आखताना अभ्यास केल्यासारखं छान वाटायचं, म्हणजे तोही एक चहाच.

चालढकलीची आणखी एक जात ओळखायला सर्वांत कठीण, कारण ती अभ्यासाचाच वेश घेते. सोल्युशन शेजारी उघडं ठेवायचं आणि ओळीमागून ओळ बघत जायचं. 'बघून समजला' की टिक. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं, की पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे असतात, पण आठवड्यानंतर पारडं फिरतं. पुस्तक मिटून आठवायचा प्रयत्न केलेल्यांच्या लक्षात जास्त राहिलेलं असतं. आत्मविश्वास मात्र वाचणाऱ्यांकडे जास्त होता! सोल्युशन बघताना बोच लागत नाही, हेच त्याचं आकर्षण. फायनलच्या एका ग्रुपला तीन पेपर, पास व्हायला प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ३०० पैकी १५०. तिथे कोरं पान समोर येतं, सोल्युशन नाही.

दिवस वाया गेला की रात्री मी स्वतःला झोडपायचे. त्याने शिस्त लागते, अशी माझी पक्की समजूत होती. पण २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायकेल वोल, पिचिल आणि बेनेट यांच्या अभ्यासात पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांवरून उलटंच दिसलं. पहिल्या परीक्षेआधीच्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी ती कमी केली. नीट पाहिलं तर सरळ आहे. स्वतःला झोडपलं की त्या विषयाला आणखी एक बोच चिकटते, आणि उद्या पळायला आणखी एक निमित्त मिळतं. निर्णय घेताना संक कॉस्ट (आधीच होऊन गेलेला खर्च) धरायची नाही, हे आपण कॉस्टिंगच्या पेपरात छापील उत्तरासारखं लिहितो. बुडालेला मंगळवार मात्र बुधवारच्या खात्यात ओढून आणतो.

(झोप उडाली, अन्न जाईना, जगणंच नकोसं वाटू लागलं, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.)

शेवटी मी वहीच्या पुठ्ठ्यावर एक चिठ्ठी चिकटवली: 'चहाला उठावंसं वाटलं, तर आधी गुडविलच्या तक्त्याची पहिली ओळ लिहायची.' जर असं झालं तर तसं करायचं, अशा बांधीव ठरावाचा परिणाम 'मन लावून अभ्यास करीन' यापेक्षा चांगला होतो, हे पीटर गोलविट्झर यांनी बऱ्याच प्रयोगांतून दाखवलंय. हे मला फार नंतर कळलं, तेव्हा नुसता वैताग होता. पहिल्या दिवशी ओळ लिहिली आणि उठलेच. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ओळीखाली दुसरी ओळ आली, मग नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्ट (उपकंपनीतल्या बाकीच्या भागधारकांचा वाटा), मग ताळेबंद. तो ४०,००० रुपयांनी चुकला. मी तक्त्यात वर जाऊन इंटर-कंपनी (दोन्ही कंपन्यांची आपसांतली) देणी पुन्हा तपासायला लागले.

"ताई, चहाला येताय ना?" शेजारून आवाज आला.

"हो पुढे. चाळीस हजार सापडू देत."