टायमिंग बेल्ट तुटल्यावर इंजिन वाचतं कुठे आणि मरतं कुठे

टायमिंग बेल्ट तुटताना बहुतेक वेळा आवाजही होत नाही. चालती गाडी एकदम दम सोडते, ऑइल आणि बॅटरीचे दिवे लागतात. अशा वेळी आधी क्लच दाबायचा. क्लच न दाबल्यास चाकं गिअरबॉक्समधून क्रँकशाफ्टला (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो मुख्य दांडा) फिरवत राहतात आणि आत पिस्टन थांबलेल्या व्हॉल्व्हवर, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांवर, पुन्हा पुन्हा आदळतो. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोनदा दाबण्यापुरताच व्हॅक्यूम उरलेला असतो, म्हणून ब्रेक पंप न करता एकदाच सलग दाबून गाडी कडेला घ्यावी.

त्यानंतर सेल्फ मारायचा नाही. धक्का स्टार्टही नाही. बेल्ट तुटलेल्या इंजिनात सेल्फ मारला तर तो नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरतो, कारण कॉम्प्रेशनच होत नाही, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जात नाही. तो आवाज एकदा ऐकू आला की खात्री पटण्यासाठी पुन्हा किल्ली फिरवण्याची गरज नाही. गाडी न्यूट्रलमध्ये टोचन करून न्यावी, ऑटोमॅटिक असेल तर फ्लॅटबेडवर. पहिला फटका टाळणं कुणाच्याच हातात नसतं, पण पुढचे सगळे फटके माणसाच्या हातून बसतात.

बेल्टचं काम क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांचा मेळ राखण्याचं. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. ३,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाड्यांत दात असलेल्या रबरी बेल्टवर हे काम सोपवण्याची सुरुवात जर्मनीच्या ग्लास १००४ या गाडीने १९६२ मध्ये केली. आपल्याकडे रेनोचं १.५ लिटर डिझेल (डस्टर, लोगन, टेरानो, सनी), फोक्सवॅगन-स्कोडाचं १.५ टीडीआय आणि जुन्या इनोव्हाचं २.५ डी-४डी ही बेल्टवाली इंजिनं लाखोंनी धावली. मारुतीच्या के-सिरीज पेट्रोलला किंवा १.३ मल्टीजेट डिझेलला मात्र चेन असते.

नुकसान किती होणार हे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या जागेवर ठरतं. काही पेट्रोल इंजिनांत पूर्ण उघडलेला व्हॉल्व्हही पिस्टनला लागत नाही. तिथे नवा बेल्ट टाकला की काम संपतं. डिझेलमध्ये ही सवलत जवळजवळ कधीच नसते. रेनोच्या १,४६१ सीसी इंजिनाचं उदाहरण घेऊ. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ८०.५ मिमी, एका सिलिंडरची क्षमता सुमारे ३६५ सीसी. कॉम्प्रेशन रेशो १६ धरला, म्हणजे हवा सोळा पट दाबली जाते असं मानलं, तर पिस्टन वर आल्यावर उरते फक्त २४ सीसी जागा, आणि तीही बरीचशी पिस्टनच्या डोक्यावरच्या खळग्यात. सपाट भागावर हेडपर्यंतचं (सिलिंडरवरचं, व्हॉल्व्ह बसवलेलं झाकण) अंतर एक मिलिमीटरच्या आसपास, आणि व्हॉल्व्ह उघडतो सुमारे आठ-नऊ मिलिमीटर! टक्कर अटळ आहे.

पेट्रोल इंजिनात व्हॉल्व्ह सहसा तिरके बसवलेले असतात, त्यामुळे ते वाकतात आणि फटका तिथेच जिरतो. बऱ्याच डिझेल इंजिनांत ते उभे असतात. मग जोर सरळ वर जातो, कॅमशाफ्टला तडा जातो, त्याला धरून ठेवणाऱ्या कॅप तुटतात. खाली तोच जोर पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड सोसतो. कॅमचा दाब व्हॉल्व्हपर्यंत नेणारे छोटे हात, म्हणजे रॉकर, असलेल्या इंजिनात अनेकदा रॉकर तुटतात आणि व्हॉल्व्ह वाचतात. म्हणूनच डिझेलमध्ये ‘व्हॉल्व्ह बदलले, झालं’ असं म्हणून हेड बसवणं धोक्याचं. अर्धा मिलिमीटर वाकलेला रॉड घेऊन इंजिन सुरूही होतं, आणि काही हजार किलोमीटरनंतर तोच रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

तपासणी वरच्या कव्हरपासून सुरू करावी. तुटलेला बेल्ट टाकून देऊ नये, तो साक्षीदार आहे. काठ झिजून धागे सुटलेले असतील तर बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर किंवा त्याला वळण देणारी आयडलर पुली तिरकी चालत होती. क्रँकजवळच्या भागातले दात एका पट्ट्यात सोलले गेले असतील तर वॉटर पंप, टेन्शनर किंवा कॅमशाफ्ट यांपैकी काहीतरी जाम झालं होतं. स्वच्छ आडवा काप दिसला तर बसवतानाच बेल्ट दुमडला गेला आणि आतले धागे मोडले असावेत. रबर फुगून मऊ झालं असेल तर ऑइल सील गळत होतं. अल्टरनेटरचा बेल्ट फाटून त्याची पट्टी खालच्या कव्हरमधून आत ओढली गेल्यानेही टायमिंग उडतं. कारण सापडल्याशिवाय नवा बेल्ट चढवला तर तोही त्याच वाटेने जाईल.

पुढे क्रँक अशा जागी आणायचा की एकही पिस्टन वर नसेल. पाना लावून हाताने फिरवावं. अडलं तर जोर न लावता उलट दिशेने. चार सिलिंडरच्या इंजिनात टीडीसीपासून (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) पाव फेरी दूर नेलं की सगळे पिस्टन मध्यावर येतात. तीन सिलिंडरमध्ये एक पिस्टन पूर्ण तळाशी आणला की बाकीचे दोन पुरेसे खाली राहतात. आता कॅम खुणेवर आणायचा, मग क्रँक टीडीसीला, आणि तात्पुरता बेल्ट चढवून क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या हातानेच घ्यायच्या.

इथे सेल्फ मारून कॉम्प्रेशन बघण्यापेक्षा लीक-डाउन टेस्ट चांगली. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला ठेवून, क्रँक पक्का अडवून, सिलिंडरमध्ये सुमारे ७ बारची हवा सोडायची. चांगल्या सिलिंडरमध्ये गळती साधारण १० टक्क्यांच्या आत राहते. वाकलेला व्हॉल्व्ह असेल तर हवा थांबतच नाही. एअर फिल्टरच्या बाजूने फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट, ऑइल फिलरमधून आली तर रिंग किंवा पिस्टन.

हेड उतरवावं लागलं तर इंजिन पूर्ण थंड हवं, आणि बोल्ट बाहेरून मध्याकडे, टप्प्याटप्प्याने सैल करायचे. हेड निघाल्यावर पहिलं मोजमाप पिस्टनचं. डायल गेज लावून प्रत्येक पिस्टन टीडीसीला ब्लॉकच्या वर किती येतो ते लिहून घ्यावं. एखादा बाकीच्यांपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी खाली राहिला तर त्याचा रॉड वाकलाय असं समजून तो बाहेर काढावा. पाच मिनिटांचं हे काम बऱ्याच ठिकाणी होतच नाही, याचं फार वाईट वाटतं.

हेड चांगल्या लेथवाल्याकडे द्यावा. वाकलेले व्हॉल्व्ह सरळ करून वापरू नयेत. गाईड ढिल्या झाल्या असतील तर त्या बदलाव्यात, स्टेम सील सगळे नवे. सीट कापून, ग्राइंडिंग पेस्टने घासून झाल्यावर पोर्टमध्ये रॉकेल ओतून बघावं. व्हॉल्व्हच्या कडेने ओल दिसता कामा नये. सीट कापल्यावर व्हॉल्व्ह कॅमच्या जवळ येतो, त्यामुळे जिथे ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट नसतात तिथे क्लिअरन्स पुन्हा मोजावा लागतो. हेडला फेस मारण्याआधी, म्हणजे त्याचा तळ कापून सपाट करण्याआधी, मॅन्युअल बघावं, कारण अनेक डिझेल हेडना फेस मारायला कंपनीची परवानगीच नसते. गॅस्केटची जाडीही बऱ्याच डिझेल इंजिनांत पिस्टनच्या त्या मोजमापावरून निवडतात.

जोडताना हेड बोल्ट नवे, आणि टॉर्कनंतर अंशात फिरवून घट्ट केलेले. बेल्टसोबत टेन्शनर, आयडलर, टायमिंग बेल्टवर चालणारा वॉटर पंप, कॅम-क्रँकचे ऑइल सील आणि क्रँक पुलीचा बोल्टही बदलावा. बोल्ट आवळताना क्रँक अडवायला टायमिंगच्या पिन वापरल्या तर पिन वाकते आणि टायमिंग चुकतं. बेल्ट दुमडू नये, पिळू नये, पान्याने उचकटून चढवू नये. पुन्हा हाताने दोन फेऱ्या, पुन्हा पिन जागी बसतात का ते बघणं. इंधन बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ, आणि मगच सुरू.

खर्चाचं गणित अनेकदा दुसऱ्या गाडीतून काढलेलं जुनं इंजिन बसवण्याकडे ढकलतं. रॉड, कॅम आणि हेड तिन्ही गेले असतील तर तो विचार योग्यच आहे. पण मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारातून आणलेल्या इंजिनाचा बेल्ट कधीचा आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, म्हणून गाडीत चढवण्याआधी त्याचा पूर्ण किट बदलावा. इंजिन नंबर बदलल्याची नोंद आरटीओत आरसीवर करून घ्यावी लागते. साध्या मोटर विम्यात यांत्रिक बिघाड वगळलेला असतो, त्यामुळे क्लेमवर विसंबू नये. आणि बेल्ट बदलल्याचे किलोमीटर व तारीख बॉनेटखाली स्टिकरवर लिहून ठेवावी, कारण कंपनीची मुदत किलोमीटर आणि वर्षं या दोन्हींत असते. कमी चालणाऱ्या गाडीत किलोमीटरच्या खूप आधी वर्षं पूर्ण होतात.