चालू पर्यावरणाची ओळख (मेनफ्रेम बॅच प्रोग्राममधून)

मेनफ्रेम या मोठ्या संस्थांच्या संगणकावरील बॅच प्रोग्रामने (वापरकर्त्याशी संवाद न करता जॉब, म्हणजे संगणकाला सोपवलेले एक काम, म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामने) आपण या क्षणी कोठे, कोणत्या जॉबखाली आणि कोणत्या व्यवस्थेत चालत आहोत, हे स्वतःच जाणून घेण्याच्या तंत्राला ही संज्ञा आहे. आयबीएमच्या झेडओएस या कार्यकारी प्रणालीवर याची गरज वारंवार पडते. तपासून झालेले लोड मोड्यूल (चालवण्यास तयार रूपातला प्रोग्राम) पुन्हा कंपाइल न करता, म्हणजे मूळ मजकुरापासून नव्याने न बनवता, टेस्टमधून (चाचणीतून) प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष कामकाजात) नेण्याची शिस्त तेथे अनेक ठिकाणी पाळली जाते आणि त्यामुळे ‘मी कोठे आहे’ याचे उत्तर प्रोग्रामच्या मजकुरात आधीच कोरून ठेवता येत नाही.

‘पर्यावरण’ या शब्दाखाली दोन निराळे प्रश्न येतात. प्रोग्राम बॅचमध्ये आहे, टीएसओवर (वापरकर्ता पडद्यावरून थेट काम करतो त्या व्यवस्थेत) आहे की सीआयसीएसमध्ये (ऑनलाइन व्यवहार हाताळणाऱ्या व्यवस्थेत), सिस्टिमचे व जॉबचे नाव काय, हा पहिला प्रश्न. याचे उत्तर झेडओएस नेमके देते. हे प्रॉडक्शन की टेस्ट, हा दुसरा प्रश्न. हा भेद संस्थेने ठरवलेला असतो, झेडओएसला तो ठाऊक नसतो. या तंत्रातील बहुतेक चुका पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर गृहीत धरल्याने होतात.

पहिल्या प्रश्नाची जुनी आणि आजही प्रचलित वाट कंट्रोल ब्लॉकमधून, म्हणजे झेडओएस स्वतःची माहिती स्मृतीत ज्या तक्त्यांत ठेवते त्यांतून, जाते. स्मृतीच्या शून्य पत्त्यापासून पीएसए हे क्षेत्र सुरू होते. त्यात १६ या ऑफसेटवर (सुरुवातीपासून इतक्या बाइटांच्या अंतरावर) सीव्हीटी या सिस्टिमच्या मुख्य तक्त्याचा पत्ता असतो आणि सीव्हीटीत ३४० या ऑफसेटपासून आठ अक्षरांत सिस्टिमचे नाव मिळते. जॉबचे नाव हवे असल्यास पीएसएमधील ५४० या ऑफसेटवरून चालू टीसीबी (चालू कामाचा तक्ता) गाठावा, टीसीबीतील १२ वरून टीआयओटी (जॉबच्या फाइलींचा तक्ता) गाठावा. टीआयओटीचे पहिले आठ बाइट म्हणजेच जॉबचे नाव, आणि त्यापुढील सोळा बाइट स्टेपच्या (जॉबमधील टप्प्याच्या) नावासाठी राखलेले असतात. कोबोल या प्रोग्रामिंग भाषेत यासाठी असेंब्लर ही यंत्राच्या जवळची भाषा लागत नाही. लिंकेज सेक्शनमध्ये (प्रोग्रामबाहेरील स्मृतीचे वर्णन करण्याच्या विभागात) या क्षेत्रांचे वर्णन लिहून ‘सेट अ‍ॅड्रेस ऑफ’ने एकेक पॉइंटर (पत्ता धरणारे क्षेत्र) पुढे नेता येतो आणि पीएसएसाठी पत्ता ‘नल’ म्हणजे शून्यच द्यावा लागतो. हे वाचण्यासाठी विशेष अधिकार लागत नाही, परंतु एखादा ऑफसेट चार बाइटांनी जरी चुकला तरी भलताच आकडा पत्ता म्हणून वापरला जातो आणि जॉब बहुधा एस०सी४ या, म्हणजे स्मृतीतील चुकीच्या जागेला हात लावल्याने अकाली बंद पडण्याच्या, अ‍ॅबेंडने पडतो. चूक अशी लगेच दिसली तर बरेच. वाचता येण्याजोग्या पण चुकीच्या जागेवरून आठ अक्षरे उचलली गेली, तर ती चूक शोधायला दिवस जातात.

केवळ बॅच, टीएसओ की सीआयसीएस एवढेच जाणून घ्यायचे असेल, तर लँग्वेज एन्व्हायर्नमेंटची (प्रोग्राम चालताना त्याला सेवा पुरवणाऱ्या आयबीएमच्या सामाईक व्यवस्थेची) सीईई३आयएनएफ ही सेवा अधिक सुरक्षित ठरते. आयएमएस या आयबीएमच्या डेटाबेस व व्यवहार प्रणालीत आयएनक्यूवाय कॉल रीजनचा (प्रोग्राम ज्या विभागात चालतो त्याचा) प्रकार सांगतो, आणि डीबी२ या डेटाबेस प्रणालीत करंट सर्व्हर या रजिस्टरवरून जोडलेल्या डेटाबेसचे स्थाननाम कळते.

कालमानही पर्यावरणाचाच भाग आहे. मराठवाड्यातून शिकून परदेशी बँकांच्या मेनफ्रेमची देखभाल करणाऱ्यांना याचा अनुभव रोजचा असतो. न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे चालणाऱ्या सिस्टिमवर उन्हाळ्यात रात्री दहाला सुरू होणारा बॅच लातूर किंवा परभणीत घरून काम करणाऱ्याच्या घड्याळात दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सुरू होतो. एसडीएसएफ या जॉब पाहण्याच्या साधनात जॉब लॉग (जॉबच्या घडामोडींची नोंद) उघडला की त्यावर मात्र आदल्या दिवसाची तारीख दिसते. कोबोलचे करंट-डेट हे फंक्शन २१ अक्षरे देते आणि त्यांतील शेवटची पाच ग्रीनिच वेळेपासूनचे अंतर सांगतात. ही पाच अक्षरे न पाहता तारीख वापरणारे प्रोग्राम पुष्कळ आहेत, आणि ते योग्य नव्हे.

आता दुसरा प्रश्न. अनेक ठिकाणी जॉबच्या नावाचे पहिले अक्षर ‘पी’ असले की प्रॉडक्शन आणि ‘टी’ असले की टेस्ट, असा संकेत असतो आणि प्रोग्राम त्यावरच विसंबतो. मोंढ्यात पोत्यावरच्या मार्क्यावरून माल कोणाच्या आडतीचा हे कळते. आत सोयाबीन आहे की तूर, हे पोते उघडल्याशिवाय कळत नाही. जॉबचे नावही असाच मार्का आहे. रात्री अडकलेला प्रॉडक्शनचा जॉब कोणी आपल्या यूजर आयडीने, नाव बदलून, पण प्रॉडक्शनच्याच फाइली ठेवून सबमिट केला, तर प्रोग्राम स्वतःला टेस्टमध्ये समजतो आणि खऱ्या खातेदारांच्या नोंदींवर चाचणीचे नियम लावतो. सिस्टिमच्या नावावर विसंबणेही तितकेच कच्चे आहे; एकाच सिस्टिमवर दोन्ही प्रकारचे जॉब चालू शकतात आणि आपत्तीच्या वेळी प्रॉडक्शन दुसऱ्याच सिस्टिमवर उभे करावे लागते.

म्हणून पर्यावरण बाहेरून, जेसीएल या जॉब सांगण्याच्या भाषेतून, उघडपणे सांगणे श्रेयस्कर. प्रोग्राम चालवायला सांगणाऱ्या ईएक्सईसी स्टेटमेंटवरील पार्ममध्ये (प्रोग्रामला द्यायच्या मजकुरात) १०० अक्षरांपर्यंत मजकूर देता येतो. तो प्रोग्रामला दोन बाइटांची लांबी आणि त्यामागून मजकूर अशा रूपात मिळतो. झेडओएस २.१ या २०१३ च्या आवृत्तीपासून पार्मडीडीद्वारे, म्हणजे मजकूर फाइलीतून देऊन, याहून बराच मोठा मजकूर देण्याची सोय झाली. कंट्रोल ब्लॉकमधून मिळालेली नावे टाकून द्यायची नसतात. पार्ममधील दाव्याशी ती ताडून पाहावीत आणि दोन्ही जॉब लॉगमध्ये छापावीत. पार्म रिकामे आले किंवा मेळ बसला नाही, तर प्रोग्रामने स्वतः अंदाज करू नये. एकही फाइल लिहिण्यासाठी उघडण्यापूर्वी रिटर्न कोड १६ (काम न झाल्याचे सांगणारा आकडा) देऊन थांबावे.