यू-डायस प्लस भरणे आणि शाळेची माहिती सांभाळणे

शाळेचे काम संगणकावर चालते का, असे विचारले की अनेक मुख्याध्यापक ‘आमची सगळी मुले ऑनलाइन आहेत’ असे उत्तर देतात, आणि त्या ‘ऑनलाइन’चा अर्थ बहुधा यू-डायस प्लस (शाळांची माहिती गोळा करणारे केंद्र सरकारचे पोर्टल) किंवा सरल (राज्य सरकारचे तसेच पोर्टल) असा असतो. शाळेच्या कारभाराचे सॉफ्टवेअर विकायला आलेला प्रतिनिधीही आपल्या मालाला ‘स्टुडंट पोर्टल’च म्हणतो. दोन्हीकडे लॉगिन लागते, दोन्हीकडे मुलाचे नाव, जन्मतारीख आणि आधार क्रमांक भरावा लागतो. त्यामुळे सरकारी पोर्टल फुकट असताना पैसे मोजून दुसरे कशाला घ्यायचे, हा प्रश्न संस्थेच्या बैठकीत निघतोच.

हा गोंधळ पूर्वी एवढा नव्हता. २०१२-१३ मध्ये प्राथमिक आणि माध्यमिक शाळांची वेगवेगळी संकलने एकत्र करून यू-डायस झाले, २०१८-१९ पासून ते यू-डायस प्लस म्हणून ऑनलाइन आले, तरी शाळेकडून मागितले जात होते ते आकडे : पाचवीत मुली किती, वर्गखोल्या किती, स्वच्छतागृहे किती. २०२२-२३ पासून मात्र आकड्यांच्या जागी एकेका विद्यार्थ्याची नोंद आली, त्याला कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक मिळू लागला, आणि पोर्टल एखाद्या जनरल रजिस्टरसारखे, म्हणजे प्रत्येक मुलाची प्रवेशापासूनची नोंद ठेवणाऱ्या शाळेच्या वहीसारखे, दिसू लागले. महाराष्ट्रात सरलमुळे २०१५ पासूनच विद्यार्थीनिहाय नोंदी होत असल्याने हा गैरसमज आपल्याकडे थोडा आधीच रुजला.

प्रत्यक्षात पोर्टल म्हणजे सरकारने विचारलेल्या प्रश्नांचा तक्ता. कोणते रकाने असतील, केव्हा उघडतील आणि केव्हा बंद होतील, हे शाळा ठरवत नाही. त्यातील नोंदी चुकल्या तर फटका मोठा असतो, कारण राज्यात संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळतील याच्या मंजुरीसाठी, आधारशी पडताळलेला पट धरला जातो. म्हणून शाळा जिवाचा आटापिटा करून ते भरतात, आणि ते रास्तच आहे. पण सोमवारी सातवीत गैरहजर कोण होते, कोणाची फी थकली आहे, बोनाफाईड कोणाला दिले, सहामाहीत गणितात कोण घसरले, या प्रश्नांसाठी पोर्टल बांधलेलेच नाही. ही रोजची कामे शाळेच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरची, आणि तेथे निवड करणारी व किंमत मोजणारी शाळाच असते.

मूल शाळा सोडते तेव्हा हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. यू-डायस प्लसवर त्याची नोंद ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, जाते, नवी शाळा ती आपल्याकडे घेते, आणि सरकारच्या दृष्टीने ते मूल आता तिकडचे असते. जुन्या शाळेची जबाबदारी मात्र संपत नाही. दाखल्याची दुय्यम प्रत मागायला माणूस वीस वर्षांनीही येतो. जात पडताळणीसाठी तर आजोबा-पणजोबांच्या नोंदीचा उतारा लागतो, आणि इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत तो १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा असावा लागतो. इतक्या दीर्घ मुदतीची जोखीम ना पोर्टलवर टाकता येते, ना दरवर्षी नूतनीकरण करावे लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर. (कापडी बांधणीचे जाड रजिस्टर कपाटातून हलवू नये, असे म्हणणारे जुने लिपिक मागासलेले नव्हते.)

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना, ते काय काय करते यापेक्षा ते सोडताना काय हाती येईल, हे आधी विचारावे असे माझे मत आहे. विद्यार्थ्यांची यादी पीडीएफमध्ये मिळणे म्हणजे माहिती परत मिळणे नव्हे. रकाने सुटे असलेली, एक्सेलमध्ये उघडणारी फाइल हवी, आणि तीत शाळा सोडून गेलेली मुलेही हवीत. ‘यू-डायस आपोआप भरले जाते’ असे विक्रेत्याने सांगितले तर एका वर्गापुरते ते समोर करून दाखवायला सांगावे, कारण पोर्टलने रकाने बदलले की त्या आश्वासनाचा कस लागतो. मुलांची माहिती कोठे साठवली जाते आणि करार संपल्यावर ती केव्हा पुसली जाते, हेही करारात लिहून घ्यावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, म्हणजे शाळेचा जवळजवळ सगळा पट त्यात येतो.

बदल करताना मराठी शाळांना एक खास अडचण येते. जुन्या संगणकांवर श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेली नावे युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारखीच वाचली जाणाऱ्या अक्षरपद्धतीत, नसतात. पडद्यावर ‘पाटील’ दिसत असले तरी आत साठवलेली असतात ती भलतीच अक्षरे, आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये तीच उघडी पडतात. परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार हाताने तपासावेच लागतात. दुसरा घोळ नावाच्या क्रमाचा : रजिस्टरात आडनाव आधी आणि आधारवर बहुधा शेवटी. जुन्या प्रणालीत पूर्ण नाव एकाच रकान्यात असेल तर ते तीन भागांत तोडताना आईवडिलांची दुहेरी नावे फसतात. अशा वेळी आधारशी जुळावे म्हणून रजिस्टरातील नाव परस्पर ‘दुरुस्त’ करण्याचा मोह होतो, पण नाव, जन्मतारीख किंवा जात यांतील बदलाला शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते; तेव्हा नव्या सॉफ्टवेअरमध्ये रजिस्टरातील नाव आणि आधारवरील नाव यांसाठी वेगवेगळे रकाने आहेत ना, हे आधी पाहावे.

जुन्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवण्यासाठी काळ उरतो तो वार्षिक निकालापासून जूनमध्ये शाळा उघडेपर्यंतचा. त्यापूर्वी थोडीच मुले घेऊन चाचणी करावी, पण ती नीट निवडावीत : फी थकलेले एक, वर्षाच्या मध्येच आलेले एक, दाखला घेऊन गेलेले एक, आणि ज्याच्या नावात रफार आहे असे एक.