शांत मेकॅनिकल कीबोर्ड हवाय? आधी आवाज कुठून येतो ते पाहू

"टायपिंगला मजा आली पाहिजे, पण आवाज नको." शांत मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतःचा स्प्रिंगवाला स्विच असलेला कीबोर्ड, शोधत येणारे बहुतेक ग्राहक एवढंच सांगतात. त्यावर आम्ही लगेच खोका उघडत नाही. आधी विचारतो, आवाज नक्की कुणाला नकोय?

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला? त्याच खोलीत झोपलेल्या बाळाला? मीटिंगमध्ये तुमचा माइक ऐकणाऱ्यांना? की दिवसभर टाइप करून तुमचेच कान किटतात? प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघतं. माणसाचा कान साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. त्यामुळे बारीक, टोकदार ‘टिक’ लांबूनही टोचते आणि खालच्या पट्टीतला ‘धप’ तेवढ्याच जोराचा असूनही फारसा जाणवत नाही. शेजारी कुणी बसत असेल तर आधी ही टिकटिक घालवायची. माइकची तक्रार असेल तर टेबलातून जाणारा हादरा थांबवायचा, कारण माइक बहुधा त्याच टेबलावर उभा असतो. आणि प्रश्न स्वतःच्याच कानाचा असेल, तर आवाज किती यापेक्षा कसा हे पाहायचं. खोल, भरीव आवाज बऱ्याच जणांना दिवसभर चालतो, उलट तो नसला तर त्यांना चुकल्यासारखं वाटतं.

एक बटण, चार आवाज

सध्या जो कीबोर्ड वापरता तो कानाजवळ धरा आणि एकच बटण अगदी सावकाश दाबा. आधी प्लास्टिकवर प्लास्टिक घासल्याची बारीक करकर ऐकू येईल. स्विच क्लिकी जातीचा असेल तर मध्येच ‘टिक’ होईल. मग बटण तळाला टेकल्याची ‘ठक’. आता बोट झटकन उचला. बटण वर येऊन थडकतं तेव्हा आणखी एक ‘टक’ होते. हा परतीचा आवाज कुणाच्या लक्षातच येत नाही, पण प्रत्येक अक्षरामागे तो असतोच. शांत खोलीत कधी कधी याच्याही मागे स्प्रिंगची किणकिण रेंगाळते.

बटणांखाली बसवायच्या रबरी रिंगा, म्हणजे ओ-रिंग, घेऊन बरेच जण निराश होतात ते यामुळेच. रिंग फक्त खालची ‘ठक’ मऊ करते. परतीची ‘टक’ आहे तशीच राहते आणि दाब मात्र आखूड होतो. खऱ्या सायलेंट स्विचमध्ये हलणाऱ्या दांड्यावरच रबराचे इवले तुकडे असतात, खालच्या टेकणीलाही आणि वरच्याही. दोन्ही धक्के तेच झेलतात.

रबराला जागा लागते, म्हणून बटणाचा प्रवास थोडा कमी होतो. चेरी या कंपनीचा साधा एमएक्स रेड स्विच ४ मिमी खाली जातो आणि २ मिमीवर अक्षर उमटवतो. त्याचाच सायलेंट भाऊ ३.७ मिमी जातो आणि १.९ मिमीवर उमटवतो. दोघांनाही जोर ४५ सेंटीन्यूटन लागतो, म्हणजे जवळपास ४५ ग्रॅम वजन ठेवल्याइतका. कागदावर फरक नगण्य आहे, बोटाला मात्र तो कळतो. साध्या स्विचला तळ कडक लागतो, सायलेंटला सतरंजीवर टेकल्यासारखा. काहींना हे दबकं टेकणं पहिल्या मिनिटापासून आवडतं आणि बोटांचे सांधे दुखणारे तर म्हणतात, हेच हवं होतं. काहींना ते लिबलिबीत वाटतं आणि आठवडा झाला तरी पटत नाही. यात चूक-बरोबर काही नाही. फक्त तुम्ही कोणत्या गटात आहात हे पैसे देण्याआधी कळलेलं बरं.

बोटाला काय हवं

स्विचचे ढोबळ प्रकार तीन. लिनियर सरळ खाली जातो, वाटेत काही लागत नाही. टॅक्टाइलमध्ये वाटेत एक उंचवटा बोटाला लागतो, तो ओलांडला की अक्षर उमटल्याचं कळतं. क्लिकीमध्ये त्या उंचवट्याला आवाजही जोडलेला असतो. शांत कीबोर्ड हवा असेल तर क्लिकी सोडून द्या. त्याची टिकटिक मुद्दाम घातलेली असते आणि ग्रीस, फोम, मॅट यांपैकी कशानेच ती जात नाही.

रंगावर फार विसंबू नका. लाल म्हणजे लिनियर, तपकिरी म्हणजे टॅक्टाइल, निळा म्हणजे क्लिकी ही वहिवाट चेरीच्या स्विचवरून पडली. बाकीचे बरेच कारखानदारही ती पाळतात, पण सगळे नाही. शिवाय एकाचा तपकिरी आणि दुसऱ्याचा तपकिरी यांत उंचवट्याचा चांगलाच फरक असतो.

सायलेंटमध्ये लिनियर भरपूर मिळतात. सायलेंट आणि टॅक्टाइल ही जोडी मात्र जमवायला अवघड, कारण उंचवट्याची ठसठशीत जाणीव ठेवून आवाज तेवढा काढायचा असतो. आमच्या मते हे काम गॅझ्यू बोबा यू-४ या स्विचने उत्तम केलंय. त्याचा उंचवटा गोल आणि भरदार आहे, तो ६२ आणि ६८ ग्रॅममध्ये मिळतो आणि त्याचा आवाज खरोखर दबका आहे. घेताना नाव नीट वाचा. यू-४-टी हा त्याचा जुळा भाऊ सायलेंट नाही, तो चांगला घुमणारा ‘ठक’ आवाज काढतो. एका अक्षराच्या गफलतीने भलताच संच घेऊन आलेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत.

टोप्रे जातीचे स्विच ही आणखी एक वाट आहे. यात रबरी घुमट, त्याखाली शंकूच्या आकाराची स्प्रिंग आणि दाब ओळखायला विद्युत धारकता असते, धातूला धातू टेकतच नाही. हॅपी हॅकिंग कीबोर्डचं टाइप-एस हे मॉडेल याच घराण्यातलं, खास शांत केलेलं. स्पर्श गुळगुळीत, आवाज खोल. पण नेहमीच्या कीकॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, त्यावर सहसा बसत नाहीत आणि स्विच बदलण्याची सोय नसते. हात एकदा बसला की लोक वर्षानुवर्षं तोच वापरतात, म्हणून घेण्याआधी एकदा तरी त्यावर टाइप करून पाहाच.

हलका हात, जड हात

याकडे फार कमी लोक लक्ष देतात. हलकी स्प्रिंग म्हणजे कमी आवाज, असं नसतं. ज्याचा हात जड, त्याचं बोट हलक्या स्प्रिंगला न जुमानता दर वेळी तळ गाठतं, तेही वेगात. टाइपरायटरवर शिकलेल्यांच्या बाबतीत हे हमखास दिसतं. अशा हाताला ४५ ऐवजी ६० ग्रॅमच्या आसपासची स्प्रिंग दिली, उदाहरणार्थ चेरीचा सायलेंट ब्लॅक, की स्प्रिंगच बोटाला आवरते आणि आवाज आपोआप उतरतो. उलट ज्यांची बोटं जेमतेम टेकतात, त्यांना जड स्प्रिंग संध्याकाळपर्यंत दमवते. मनगट किंवा बोटं दुखत असतील तर आवाजासाठी जड स्प्रिंगच्या वाटेला जाऊ नका, आम्हीही ती देणार नाही.

स्पेसबार खुळखुळतोय का?

एक ग्राहक कीबोर्ड घेऊन आले. सगळे स्विच सायलेंट, तेही चांगल्यातले, आणि तरीही घरच्यांची तक्रार सुरूच. आम्ही त्यांना एक परिच्छेद टाइप करायला सांगितला आणि डोळे मिटून ऐकलं. अक्षरांचा आवाज जवळजवळ नव्हताच. प्रत्येक शब्दानंतर मात्र खुळखुळ्यासारखा आवाज येत होता.

स्पेस, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस अशी लांब बटणं कुठेही दाबली तरी सरळ खाली जावीत म्हणून त्यांच्याखाली एक वाकवलेली तार आणि दोन प्लास्टिकच्या बैठका असतात. यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. तारेची टोकं बैठकीत सैल असली की प्रत्येक दाबाला ती आपटतात. स्पेसबार काढून तार सोडवली आणि काचेवर ठेवली, तर एक टोक काचेला टेकलेलं आणि दुसरं नखभर वर. तार वाकडी होती. ती हाताने दाबत दाबत सरळ केली, टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं, बैठकीखाली औषधी चिकटपट्टीचा इवला तुकडा लावला आणि सगळं परत बसवलं. अर्धा तास गेला असेल. त्यांनी स्पेसबार चार-पाच वेळा दाबला आणि म्हणाले, "आता एंटर ऐकू यायला लागलाय." मग एंटरही केला.

तेव्हापासून कुणालाही नवा कीबोर्ड सुचवण्याआधी आम्ही जुन्याचा स्पेसबार ऐकतो. स्विचवर कितीही खर्च केलात तरी खुळखुळणारा स्टॅबिलायझर त्यावर पाणी फिरवतो. विकत घेतानाही आधी लांब बटणं दाबून पाहा, तीही कडेला.

खोका आणि टेबल

पोकळ, पातळ प्लास्टिकचा सांगाडा प्रत्येक धक्का मोठा करून ऐकवतो. आत फोमचा थर असला, किंवा स्विचची पट्टी स्क्रूने कसण्याऐवजी रबराच्या गास्केटवर टेकवलेली असली, की फरक पडतो. कीकॅप जाड पीबीटी प्लास्टिकच्या असल्या तर आवाज खालच्या पट्टीत जातो, पातळ एबीएस प्लास्टिकच्या असल्या तर वरच्या. उंच आणि आतून पोकळ कीकॅप जास्त घुमतात.

आणि टेबल. काही टेबलं अक्षरशः ढोलकीसारखी वाजतात. एक फुकटातली परीक्षा सांगतो. आज घरी जाऊन कीबोर्डखाली टॉवेलची दुहेरी घडी घाला आणि पाच मिनिटं टाइप करा. आवाज डोळ्यांत भरण्याइतका उतरला, तर तुम्हाला कदाचित नवा कीबोर्ड नकोच आहे, ३-४ मिमी जाडीची चांगली मॅट पुरेल. आधी ती घ्या. महिन्याभराने तरी समाधान झालं नाही, तर या.

एक स्पष्ट सांगायला हवं. मेकॅनिकल कीबोर्ड शांत होतो, मुका होत नाही. अगदी पूर्ण शांतता हवी असेल आणि स्पर्शाचं फारसं अडत नसेल, तर लॅपटॉपसारखी उथळ बटणं असलेला साधा कीबोर्ड बहुतेकदा जास्त समाधान देतो. तसं असेल तर आम्ही तसंच सांगू.

ऐकून नाही, टाइप करून ठरवा

इंटरनेटवर आवाजाच्या चाचण्या पुष्कळ आहेत. त्यांतला माइक बटणांपासून वीतभर असतो, खोली वेगळी, टेबल वेगळं आणि बोटंही दुसऱ्याची. दोन स्विचमधला फरक कळायला त्या बऱ्या, पण तुमच्या खोलीत काय ऐकू येईल ते त्यांतून कळत नाही. डेसिबलचे आकडे कुणी दिले तर अंतर किती होतं ते विचारा. १० डेसिबलच्या फरकाने आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो आणि माइक पुढेमागे सरकवला तरी आकडा हलतो.

एकेक सुटा स्विच हातात धरून दाबून पाहणंही फसवं असतं. उंचवटा आणि स्प्रिंगचा अंदाज येतो, आवाजाचा येत नाही, कारण खाली पट्टी नाही, खोका नाही. म्हणून आमच्याकडे चार पूर्ण कीबोर्ड जोडून ठेवले आहेत: सायलेंट लिनियर हलका, सायलेंट लिनियर जड, सायलेंट टॅक्टाइल, आणि तुलनेसाठी साधा लिनियर. प्रत्येकावर किमान दहा मिनिटं, रोज जे लिहिता तेच लिहा. पहिल्या पानावर चुका जास्त होतील, त्या मोजू नका. दहाव्या मिनिटाला बोटं कुठे रेंगाळतात तेवढं पाहा.

निर्णय होत नसेल तर हॉट-स्वॅप सोय असलेला कीबोर्ड घ्या. त्यात डाग (सोल्डर) न लावता स्विच उपटून दुसरे बसवता येतात. खालची सॉकेट तीन पिनांची आहेत की पाच पिनांची हे आधी बघून घ्या. पाच पिनांचा स्विच तीनच्या जागी बसवायचा तर त्याचे दोन प्लास्टिकचे पाय कापावे लागतात. बसवताना पिना सरळ आहेत ना ते प्रत्येक स्विच उजेडात धरून पाहा आणि खालून सॉकेटला बोटाचा आधार द्या. वाकलेली पिन चिमट्याने सरळ होते, उखडलेलं सॉकेट मात्र पुन्हा डाग लावूनच बसवावं लागतं.

येताना सध्याचा कीबोर्ड सोबत आणा, खराब असला तरी. माइकची तक्रार असेल तर मीटिंगमधलं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग आणा. आणि ज्याला त्रास होतो ती व्यक्ती सोबत आली तर फारच छान. तिला तुमच्याकडे पाठ करून बसवू, तुम्ही टाइप करा, आणि कोणता कीबोर्ड चालेल ते तिला सांगू द्या.