पाठ किलो मोजत नाही

लालबाग-परळकडच्या जुन्या चाळीतला लाकडी जिना तुम्ही कधी चढला असाल, तर तिथे स्ट्रेचर का वळत नाही हे सांगायला नको. तिसऱ्या मजल्यावर छातीत कळ आलेले आजोबा, खाली गल्लीच्या तोंडाशी १०८ची गाडी, आणि मध्ये डॉक्टर व पायलट. (ही गाडी चालवणाऱ्याला पायलटच म्हणतात.) चादरीची झोळी करायची की प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवायचं, हे मिनिटभरात ठरवायचं असतं. आजोबा वेळेत पोचतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे घालायला वाकलेल्या पायलटच्या कमरेत चमक निघते, आणि घरचे सांगत फिरतात, मोजे घालताना उसण भरली. बिचारे मोजे!

कमरेत नेमकं काय होतं ते पाहू. दोन मणक्यांच्या मध्ये जी गादी असते, तिचा गाभा जेलीसारखा मऊ आणि पाणीदार असतो. त्याच्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे चिवट तंतूंचे पंधरा-वीस थर असतात. ‘गादी सरकली’ असं आपण सर्रास म्हणतो, पण ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. फरशीवरच्या पायपुसण्यासारखी ती सरकत नाही. थरांना चिरा पडतात आणि आतला गाभा बाहेर फुगतो, कधी फुटून बाहेरही येतो. तो शेजारच्या नसेवर दाबला गेला की कळ पायात उतरते. तीच सायटिका.

या गादीवर दाब किती पडतो, हे जर्मनीतल्या हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली थेट मोजलं. एका निरोगी स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत त्यांनी बारीकसा सेन्सर बसवला. तो माणूस आडवा होता तेव्हा दाब ०.१ मेगापास्कल भरला, आणि उभा राहिल्यावर ०.५, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या साधारण अडीचपट. मग त्याने २० किलोचं ओझं पाठ वाकवून उचललं. आकडा २.३ वर गेला! गुडघ्यात वाकून उचलल्यावर तो १.७ झाला. तेच ओझं अंगाशी घट्ट धरून तो उभा राहिला, तेव्हा १.१. ओझं तिन्ही वेळा २० किलोच होतं.

हे गणित लहान मुलांच्या सी-सॉचं आहे. पाठीचे स्नायू गादीच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटीमीटर मागे असतात. समजा, ८० किलोच्या रुग्णाचं निम्मं वजन, ४० किलो, पायलटच्या हातात आहे आणि ते हात गादीपासून ४० सेंटीमीटर पुढे आहेत. अंतर आठपट, म्हणून स्नायूंना लावावा लागणारा जोरही आठपट: ३२० किलो. यात त्याच्या स्वतःच्या धडाचं वजन धरलेलंच नाही. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेने कमरेच्या गादीवरच्या भारासाठी ३४०० न्यूटनची, म्हणजे सुमारे ३५० किलोची पातळी धोक्याची खूण म्हणून धरली आहे. रुग्ण २० सेंटीमीटरवर घेतला की तोच जोर १६० किलोवर येतो. दादरच्या बाजारातला हमाल डोक्यावर पाटी घेतो ती याच कारणाने. ओझं कण्याच्या बरोबर वर असलं की सी-सॉ उरतच नाही. त्याच्या मानेचं काय होतं, तो वेगळा विषय.

‘पाठीत वाकू नका, गुडघ्यात वाका’ हा सल्ला म्हणूनच मला अर्धवट वाटतो. तो सपाट जमिनीवरच्या खोक्याला लागू पडतो. माणूस खोकं नसतो, तो घाबरून मध्येच कठडा धरतो. शिवाय चाळीच्या जिन्यात अंतर ठरवतो तो जिना. ओझं कसं उचलावं याच्या प्रशिक्षणांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. नुसत्या प्रशिक्षणाने पाठदुखी टळते, याला त्यात आधार मिळाला नाही. फरक पडतो तो साधनांनी आणि माणसांनी. पायऱ्यांवरून पट्ट्यांवर घसरत उतरणारी खुर्ची हवी, रुग्णाला पलंगावरून ओढून घ्यायला गुळगुळीत चादर हवी. ती नसेल तर शेजारपाजारचे चार हात तरी हवेत, आणि ते चाळीत कमी पडत नाहीत. फक्त ‘तीन म्हटलं की उचला’ हे आधी सांगायचं आणि आकडे एकाच माणसाने मोजायचे. नाहीतर एक जण दोनलाच उचलतो आणि सगळा भार क्षणभर त्याच्या कमरेवर येतो.

कमरेवर घड्याळाचाही परिणाम होतो, आणि याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. रात्री आडवं झाल्यावर गादी पाणी शोषून फुगते. सकाळी आपण सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर उंच असतो ते त्यामुळेच. फुगलेली गादी वाकताना जास्त ताणली जाते, म्हणून उठल्यानंतरचा पहिला तास नाजूक. रात्रपाळीत गाडीतल्या बाकावर दोन-तीन तास डोळा लागला आणि चार वाजता कॉल आला, तर कमरेची तीच सकाळ असते. दुसरी गोष्ट ट्रॅफिकची. पोक काढून वीस मिनिटं बसलं की कण्यामागचे बंध सैल पडतात, आणि उठल्यावर अर्ध्या तासानेही ते पुरते पूर्ववत झालेले नसतात. त्यात बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला चार ते सहा हेलकावे सर्वांत जास्त हलवतात, आणि खड्ड्यातली गाडी नेमके तसेच हेलकावे देते. म्हणजे सायनच्या कोंडीत अर्धा तास बसून, उतरल्या उतरल्या उचलणं हा सगळ्यात वाईट क्रम झाला. उतरल्यावर दोन्ही हात वर ताणून एक लांब श्वास घ्यायला दहा सेकंद पुरतात.

आणि कंबर धरलीच तर? जुना सल्ला होता फळीवर झोपून राहा. १९९५ साली हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर याची परीक्षा झाली. काहींना दोन दिवस अंथरुणात ठेवलं, काहींना ठराविक व्यायाम दिले, आणि बाकीच्यांना सांगितलं, झेपेल तेवढं रोजचं चालू ठेवा. हे शेवटचेच लवकर बरे झाले. प्रौढ माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचं पोषण आसपासच्या ऊतींतून झिरपत येतं आणि हालचालीने त्याला मदत होते.

एमआरआयच्या कागदानेही लगेच हबकू नये. १९९४ साली पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा सगळ्या गाद्या ठाकठीक निघाल्या त्या फक्त ३६ टक्क्यांच्या. बाहेर आलेला गाभा शरीरातल्या पेशी हळूहळू खाऊन टाकतात, आणि गंमत म्हणजे मोठा तुकडा जिरण्याची शक्यता जास्त असते. मात्र लघवी अडकली, खोगिराला टेकतो त्या भागात बधिरपणा आला किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर बाम-शेक करत बसायचं नाही. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं.

कमरपट्ट्याने धीर येतो, पण दुखापत टळते असा पुरावा नाही. कामावर परतायची तयारी करायची तर घरातला वीस लिटरचा पाण्याचा जार उत्तम. भरला की तो जवळपास विल्केंच्या ओझ्याइतका, २० किलोचा होतो. आधी पाच लिटर भरून छातीशी धरायचा आणि खोलीत चालायचं, मग फिजिओ सांगतील त्या वेगाने पाणी वाढवायचं. भरलेला जार घेऊन दोन मजले उतरता आले आणि दुसऱ्या दिवशी मोजेही विनातक्रार चढले, की मग स्ट्रेचरला हात लावायचा. तोही सुरुवातीला डोक्याच्या बाजूने नव्हे, पायांच्या. तिकडे वजन कमी येतं.