गेल्या महिन्यात शेंगदाणे किती लागले?

परवा आईला सहज विचारलं, गेल्या महिन्यात आपल्याला शेंगदाणे किती लागले गं? तर म्हणे, "मावशी राहायला होती तो महिना धरायचा का? आणि कूट धरायचं की नुसते दाणे?" हसू आलं, पण शेती आणि खाण्यापिण्यावर सर्व्हे करणाऱ्यांची सगळी डोकेदुखी ह्या दोन वाक्यांत आली.

आपल्या एनएसएसचंच, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचंच घ्या. वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन गेल्या ३० दिवसांत काय काय खाल्लं ते विचारायचे. १९९९-२००० च्या फेरीत मात्र त्याच घराला, त्याच बैठकीत, ७ दिवसांचंही विचारलं आणि ३० दिवसांचंही. आता आठवड्याचा आकडा समोर लिहिलेला असताना महिन्याचा आकडा कोण वेगळा आठवत बसणार, त्यावरूनच जुळवला जाणार ना! मग आधीच्या फेऱ्यांशी तुलनाच धड होईना, आणि गरिबी मोजतात ती ह्याच आकड्यांवरून, त्यामुळे देशातली गरिबी नक्की किती घटली यावर अर्थतज्ज्ञ पुढे कित्येक वर्षं भांडत बसले. २०२२-२३ ला तांदूळ-डाळीचं ३० दिवसांचं, भाजी-फळं-अंडी-मासे ७ दिवसांचं आणि कपड्यांचं ३६५ दिवसांचं विचारलं, जे मला तरी जास्त पटतं, कारण तांदळाची गोणी लक्षात राहते, मेथीची जुडी नाही राहत.

दुसरा रस्ता म्हणजे गावातच जाऊन राहायचं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने १९७५ मध्ये हेच केलं. अकोल्यात कान्झरा आणि किनखेडा, सोलापुरात शिरापूर आणि कळमण, शिवाय महबूबनगरची दोन गावं. प्रत्येक गावात ४० घरं: १० भूमिहीन मजुरांची, १० लहान, १० मध्यम आणि १० मोठ्या शेतकऱ्यांची. (गावात हे चार गट काही सारख्या संख्येने नसतात, म्हणजे ह्या ४० घरांची सरळ सरासरी काढून तिला गावाची सरासरी म्हणता येत नाही, हे लोक हमखास विसरतात.) माहिती घेणारा माणूस गावातच मुक्कामाला, दर तीन-चार आठवड्यांनी घरी चक्कर, त्यामुळे कोणाची म्हैस आटली, कोणी बैल विकला हे त्याला फॉर्म न भरताही कळणार.

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो हान्स बिन्सवांगर या अर्थतज्ज्ञाने ह्याच भागातल्या गावांत केलेला प्रयोग. शेतकरी जोखीम घ्यायला किती घाबरतो हे नुसतं तोंडी विचारून त्याचं भागेना, उत्तरांचा भरवसाच वाटेना. मग त्याने खरे पैसे लावले. नाणं उडवायचं: एकतर ५० रुपये बिनघोर घ्या, नाहीतर छापा-काटा करून ४५ किंवा ९५, असे वाढत्या जोखमीचे पर्याय, शेवटचा शून्य किंवा २००; त्यातला एक निवडायचा. सुरुवात रुपयाहूनही लहान, काही पैशांच्या डावापासून, मग डाव वाढत गेले, मध्ये विचार करायला दिवस दिले, आणि मोठ्या डावातली कमाई कधीकधी साध्या मजुराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त. निघालं काय, तर डाव मोठा झाल्यावर गरीब काय आणि श्रीमंत काय, बहुतेकजण सारखेच जपून खेळले! मग गरीब शेतकरी खतावर कमी खर्च करतो तो भित्रा म्हणून नाही, तर त्याला कर्ज मिळतं का, हातात पैसा असतो का, तिथं बघा असं बिन्सवांगरचं म्हणणं.