फोमची गादी घ्यावी की हायब्रिड?

गादीच्या दुकानात फोमची आणि हायब्रिड अशा दोन गाद्या शेजारी ठेवल्या, तर वरून पाहून त्यांतली फोमची कोणती आणि हायब्रिड कोणती हे ओळखणे कठीण जाते. दोन्हींचे कापड आणि शिवण सारखीच असते, आणि तळहाताने दाबले तर दोन्ही जवळजवळ सारख्याच दबतात, कारण हाताला लागणारा थर दोन्हींत फोमचाच असतो. फरक तिथून चार-पाच बोटे खाली सुरू होतो. फोमच्या गादीत तळापर्यंत फोमच असतो. फार तर खालचा थर वरच्यापेक्षा दाट आणि टणक असतो. हायब्रिड गादीत वरचे दोन-तीन इंच फोम किंवा लॅटेक्स (म्हणजे रबराचा फोम) असते आणि त्याखाली पाच-सहा इंच उंचीच्या पोलादी स्प्रिंगांचा थर असतो. रात्रभर अंगाचे वजन पेलण्याचे काम या खालच्या भागाचे आहे. जाहिरातीतला मजकूर मात्र बहुतेक वेळा वरच्या थराविषयी, म्हणजे जेल, बांबूचे कापड, थंडावा यांविषयीच असतो, आणि ग्राहकही त्याच गोष्टींची तुलना करत बसतो. माझ्या मते गादीच्या खरेदीतला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

आधी फोम. पॉलियुरेथेन हे रसायन १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले आणि त्याचा मऊ, लवचीक फोम १९५० च्या दशकात बाजारात आला. आज दुकानदार ज्याला ‘पीयू फोम’ म्हणतात तो हाच. त्याचीच अधिक उसळी घेणारी जात म्हणजे ‘एचआर फोम’. मेमरी फोम हाही पॉलियुरेथेनचाच प्रकार आहे. १९६६ मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी विमानातील आसनांच्या कामात चार्ल्स योस्ट यांनी तो विकसित केला. अंगाची ऊब लागली की तो नरम पडतो, शरीराचा आकार घेतो आणि दाब काढल्यावर सावकाश पूर्ववत होतो. तापमानानुसार बदलणारा हा गुण आपल्याकडे लक्षात ठेवावा लागतो: मेमरी फोमची तीच गादी नाशिकच्या डिसेंबरात झोपायला आडवे होताना टणक लागते आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात नको तितकी खोल दबते.

फोमचा दर्जा ठरवण्यासाठी बाजारात ‘डेन्सिटी’ हा शब्द सर्रास वापरला जातो. ‘३२ डेन्सिटी’ म्हणजे त्या फोमच्या एका घनमीटरचे वजन ३२ किलो, ‘४० डेन्सिटी’ म्हणजे ४० किलो. अनेकांचा समज असा असतो की आकडा जितका मोठा तितकी गादी कडक, पण घनता आणि कडकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. कडकपणा मोजताना सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची चकती फोमवर ठेवून त्याची जाडी पाव भागाने कमी करायला किती जोर लागतो ते पाहतात. त्यामुळे ४० घनतेचा फोम मऊही असू शकतो आणि २८ घनतेचा कडकही. घनतेवरून कळते ते इतकेच, की तेवढ्या जागेत माल किती आहे आणि फोम साधारण किती वर्षे तग धरेल.

हा आकडा घरी पडताळता येतो. समजा, गादी ७२ इंच लांब, ६० इंच रुंद आणि ६ इंच जाड आहे. तिघांचा गुणाकार २५,९२० घन इंच होतो. त्याला ६१,०२४ ने भागले की सुमारे ०.४२५ घनमीटर मिळतात. गादी खरोखरच ४० घनतेची असेल तर आतल्या फोमचे वजन १७ किलोच्या आसपास भरले पाहिजे, ३२ ची असेल तर साडेतेरा किलो. खोळीचे वजन वजा करूनही आकडा १२ किलोच येत असेल, तर गादी २८ घनतेची आहे असे समजावे. या हिशेबात एक अडचण आहे. फोमचे तुकडे चिकटवून आणि दाबून केलेला ‘रिबॉन्डेड’ फोम फार जड असतो, आणि त्याचा थर आत घातला की वजन आपोआप वाढते. म्हणून खोळीला चेन असेल तर ती उघडून कडेने आत पाहावे: एकसारखा, एका रंगाचा फोम दिसला तर तो अखंड ठोकळा आहे, आणि निळे, गुलाबी, पिवळे ठिपके असलेला माल दिसला तर तो रिबॉन्डेड आहे. रिबॉन्डेड वाईटच असतो असे नाही, तळाच्या आधाराला तो चालतो. पण त्याच्या जडपणाला चांगल्या फोमची घनता समजून पैसे मोजू नयेत.

आता स्प्रिंग. इथे बाजारात तीन वस्तू एकाच नावाखाली वावरतात. जुन्या पद्धतीच्या बोनेल गादीत डमरूच्या आकाराच्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना जखडलेल्या असतात. एक दबली की शेजारच्या चार ओढल्या जातात, म्हणून एकाने कूस बदलली की दुसऱ्याची झोप मोडते. पॉकेट स्प्रिंगच्या गादीत प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र कापडी पिशवीत शिवलेली असते आणि या पिशव्या एकमेकींना केवळ कापडाने जोडलेल्या असतात, त्यामुळे जिथे वजन पडते तिथलीच स्प्रिंग खाली जाते. ही कल्पना नवी नव्हे. १९०० च्या सुमारास कॅनडात जेम्स मार्शल या अभियंत्याने ती प्रत्यक्षात आणली. पॉकेट स्प्रिंगवर फोमचा किंवा लॅटेक्सचा पुरेसा जाड थर असेल तेव्हाच त्या गादीला हायब्रिड म्हणणे रास्त ठरते. बोनेल स्प्रिंगांवर अर्ध्या इंचाचा फोम शिवून तिलाही हायब्रिड म्हटले जाते, तेव्हा दुकानदाराला दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: स्प्रिंग पॉकेटची आहे का, आणि तिच्यावरचा थर किती इंचांचा व किती घनतेचा आहे. स्प्रिंगांची संख्या अभिमानाने सांगितली जाते, पण तारेची जाडी कळल्याशिवाय त्या संख्येला फारसा अर्थ नसतो. ही जाडी गेजमध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक.

अंगाला जाणवणारा फरक असा. फोमवर शरीर थोडे आत रुततेच. खांदा आणि कुल्हा यांना जागा मिळते, आणि हालचाल गादीतच जिरत असल्याने शेजारच्याला ती फारशी कळत नाही. कुशीवर झोपणाऱ्या, हलक्या किंवा मध्यम वजनाच्या माणसाला हे मानवते. हायब्रिडवर खालून उलट रेटा मिळतो, कूस बदलायला सोपे जाते आणि कडेला बसले तरी गादी फारशी खचत नाही. वजन नव्वद किलोंच्या पुढे असेल तर साध्या फोमचा मधला भाग लवकर बसतो आणि कंबर खाली जाते. अशा वेळी हायब्रिडचा आधार उपयोगी पडतो. गुडघे दुखणाऱ्या वयस्क माणसाच्या बाबतीत मी गादीच्या कडेला सर्वांत अधिक महत्त्व देईन, कारण पहाटे उठताना ते आधी कडेला बसतात आणि हात टेकून उभे राहतात. ती कड ढासळत असेल तर बाकीचे सगळे गुण त्यांच्यापुरते व्यर्थ आहेत.

पाठदुखीचा विषय या निवडीत हमखास येतो. कंबर धरली की कडक गादीवर किंवा थेट फळीवर झोपावे, असा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो, आणि ‘ऑर्थो’ असे छापलेल्या गाद्या त्याच समजुतीवर खपतात. स्पेनमध्ये ३१३ प्रौढांवर झालेल्या आणि २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कंबरदुखीच्या जुन्या रुग्णांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गाद्या देण्यात आल्या. ९० दिवसांनंतर अंथरुणातली वेदना, उठतानाची वेदना आणि हालचालीतली अडचण या तिन्हींत मध्यम कडक गादीवाल्यांची प्रगती अधिक होती. मध्यम कडक गादी फोममध्येही मिळते आणि हायब्रिडमध्येही, तेव्हा ‘पाठ दुखते म्हणून हायब्रिडच घ्या’ किंवा ‘ऑर्थो फोमच घ्या’ या दोन्ही सल्ल्यांना आधार नाही. दुकानात चपला काढून दहा-पंधरा मिनिटे नेहमीच्या स्थितीत खरेच झोपावे. उताणे झोपल्यावर कमरेखालून तळहात सहज आरपार जात असेल तर गादी फार कडक आहे. हात सरकवायलाच जागा नसेल आणि कुल्हे खोल गेले असतील तर ती फार मऊ आहे. कुशीवर झोपल्यावर सोबतच्याने मागून पाहावे, मणका मानेपासून माकडहाडापर्यंत सरळ दिसला पाहिजे. संकोचाने बसून उठणाऱ्याला यातले काहीच कळत नाही.

उकाड्याच्या बाबतीत हायब्रिडची बाजू वरचढ आहे, पण सांगितली जाते तितकी नाही. स्प्रिंगांच्या मधून हवा खेळते, फोमचा अखंड ठोकळा मात्र ऊब धरून ठेवतो, हे खरेच आहे. तरीही अंगाला चिकटलेला थर दोन्हीकडे फोमचाच असतो, आणि तो तीन इंचांचा मेमरी फोम असेल तर खालून खेळणारी हवा पाठीपर्यंत पोहोचत नाही. जेलचा थंडावा पहिल्या काही मिनिटांत जाणवतो. जेल अंगाच्या तापमानाला आले की तो ओसरतो. लहान मूल घरात असल्याने वर रेक्झिन किंवा प्लॅस्टिकचे आवरण घातले, तर दोन्ही गाद्या सारख्याच तापतात. त्याऐवजी सुती पृष्ठभागाचे, खालून पातळ जलरोधक पापुद्रा असलेले प्रोटेक्टर घ्यावे.

मुंबई, कोकण आणि गोवा या पट्ट्यात दमट हवेचाही विचार करावा लागतो. आपल्या घरांतले बहुतेक पलंग आता खाली सामान ठेवण्याचे, म्हणजे प्लायच्या अखंड पाटाचे असतात. त्यावर ठेवलेल्या गादीच्या तळाला हवा लागत नाही आणि पावसाळ्यात तिथे बुरशी धरते. फोमच्या बाबतीत हा धोका अधिक, पण हायब्रिडमध्ये पाणी मुरले तर आतली तार गंजते आणि बाहेरून ते कळतही नाही. प्लायला जागोजागी भोके पाडून घेणे आणि महिन्यातून एकदा गादी भिंतीला उभी टेकवून पंखा लावणे हा दोन्हींवरचा साधा उपाय आहे. कापसाच्या गादीला ऊन दाखवण्याची आपली सवय मात्र इथे सोडावी लागते, कारण कडक उन्हाने फोम पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो.

एका बाबतीत निवडीला वावच नसतो. वन रूम किचनच्या घरात रात्री जमिनीवर अंथरलेली गादी सकाळी घडी घालून कोपऱ्यात ठेवायची असेल, तर हायब्रिड घेऊच नये. चार इंचांची फोमची गादी, शक्य तर तीन घड्यांची, हीच तिथे योग्य. जुन्या नवारीच्या किंवा जाळीच्या खाटेवरही हायब्रिड घालू नये, तिच्या स्प्रिंगांना खाली सपाट आणि पक्का पाट लागतो. पट्ट्यांचा पलंग चालतो, पण दोन पट्ट्यांमधले अंतर तीन इंचांहून अधिक नसावे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: खोक्यातून गुंडाळी होऊन आलेली गादी एकदा फुगली की घरी तशी परत गुंडाळता येत नाही, आणि जड हायब्रिड चार मजले जिन्याने उतरवणे दोन माणसांनाही कठीण जाते.

टिकाऊपणाविषयी बोलताना हायब्रिडच्या स्प्रिंगांचा दाखला दिला जातो. स्प्रिंग खरोखर अनेक वर्षे टिकते, पण आधी खचतो तो तिच्यावरचा फोम, आणि तो खचला की शिल्लक स्प्रिंग कितीही चांगली असली तरी गादी बसलेलीच वाटते. कापसाची गादी पिंजाऱ्याकडून पिंजून पुन्हा भरून घेता येत असे. या दोन्हींत तशी सोय नाही. म्हणून उत्तम स्प्रिंगांवर हलका फोम घातलेल्या हायब्रिडपेक्षा चांगल्या घनतेची साधी फोमची गादी मी केव्हाही पसंत करीन, आणि ती बहुधा स्वस्तही पडते. हमीपत्रात वर्षांचा आकडा पाहण्याआधी खड्डा किती खोल पडल्यावर हमी लागू होते ते वाचावे. गादी नुसती मऊ पडणे हा बहुतेक ठिकाणी दोष धरला जात नाही. शंभर रात्रींच्या चाचणीची सोय असेल तर परत न्यायचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्यावे.

शेवटचे माप पलंगाचे. बहुतेक हायब्रिड गाद्या आठ ते दहा इंच जाड असतात, आणि जुन्या चार इंचांच्या गादीच्या बेताने बनवलेल्या पलंगावर ती ठेवली की झोपण्याची उंची चार ते सहा इंचांनी वाढते. कडेला बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. ते टेकत नसतील तर त्याच दर्जाची सहा इंचांची फोमची गादी घ्यावी, किंवा सुताराकडून पलंगाचे पाय कापून घेण्याची तयारी ठेवावी.